कुंदाताईंची जागा

कुंदाताई तांडेलांना मी कधी धावताना पाहिलं नाही. कंपनीत सायरन झाला की माणसं एकतर पळत सुटायची, नाहीतर जागच्या जागी थिजायची. कुंदाताई मात्र खुर्ची आत सरकवायच्या, चष्मा पुसायच्या आणि भाजी आणायला निघाल्यासारख्या चालत फाटकासमोर येऊन उभ्या राहायच्या. एकदा उभ्या राहिल्या की तिथून हलायच्या नाहीत. अमोनियाचा प्लांट माझा, त्यातला प्रत्येक पाइप मला पाठ, सेफ्टीचा डिप्लोमा माझ्याकडे. आणि वेळ आली की सगळी कंपनी तोंडाकडे बघायची ती या बाईच्या.

आधीच सांगून टाकतो, मला कुंदाताईंचा हेवा वाटायचा. आजही वाटतो. त्यांच्याविषयी चांगलं बोलणारी माणसं तळोज्यात पैशाला पासरी सापडतील. माझ्याइतकं बारकाईनं त्यांना पाहिलेलं मात्र कोणी नसेल. आपण ज्याच्यावर जळतो त्याच्यावरून आपली नजर हटत नाही.

तळोज्याला आमची कंपनी. मटार, मक्याचे दाणे, पराठे असा माल गोठवून परदेशी पाठवायचा. एवढा माल गोठवायचा म्हणजे अमोनिया आला. थोडा नाकात गेला तर डोळ्यांतून पाणी काढतो, फार गेला तर माणूस उठत नाही. तो सांभाळायचं काम माझं. कुंदाताई पॅकिंगच्या इनचार्ज. करावे गावातल्या. वडिलांची खाडीत होडी, ही पोरगी मात्र बी.एस्सी. झालेली. लाइनवर तपासनीस म्हणून लागल्या आणि सगळं पॅकिंग हाताखाली घेईपर्यंत चढत गेल्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. पॅकिंगमध्ये केसांत फूल चालत नाही, म्हणून त्यांचा मोगऱ्याचा गजरा दिवसभर टेबलावर पाण्याच्या ग्लासात पडलेला असायचा. शिफ्ट सुटली की बसमध्ये चढण्याआधी तो डोक्यात. फोटो काढून घेण्याची हौस अशी की ग्रुप फोटोत मधली जागा त्यांचीच. कोणी विचारायचंही नाही. मीटिंगला कायम उशिरा. मेनन साहेब, आमचे प्लांट हेड, घड्याळाकडे बघायचे. या म्हणायच्या, “साहेब, बघू नका, ते बरोबर हाय. माझंच चुकलंय.” विषय संपला. मी एकदा थोडा उशिरा गेलो तर मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं.

कंपनीनं आपत्कालीन टीम नव्यानं बांधायची ठरवली तेव्हा तिचा लीडर मीच होणार, यात मला शंका नव्हती. बायकोला, वैशालीला, मी घरी सांगूनही टाकलं होतं. मीटिंगमध्ये मेनन साहेबांनी नाव घेतलं कुंदाताईंचं. मी डेप्युटी.

मीटिंगनंतर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. “साहेब, त्यांना प्लांटमधलं काही कळत नाही.”

मेनन साहेब केरळचे, पण वाशीत आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, “घोरपडे, काय झालं तर आत कोण जाणार? तुम्ही. तुमच्याशिवाय व्हॉल्व्ह कोणाला कळतो? बरोबर? मग बाहेर कोण?”

प्रश्न बरोबर होता, म्हणून तो जास्त झोंबला. संध्याकाळी खांदेश्वरला घरी पोचलो तर वैशालीनं शिरा करून ठेवलेला. “डेप्युटी म्हणजे उप ना? चांगलंच की,” ती म्हणाली. शिऱ्यात बदाम होते. मला ते चावेनात.

त्या दिवसापासून सगळी कंपनी त्यांना ताई म्हणत असताना मी त्यांना मुद्दाम मॅडम म्हणू लागलो. त्यांनी त्याची दखलसुद्धा घेतली नाही. त्या मला आधी “घोरपडे साहेब” म्हणायच्या. पंधरवड्यात “घोरपडे, तू” वर आल्या.

लीडर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या प्लांटमध्ये आल्या. मी मनात म्हटलं, आता कळेल. आडव्या मोठ्या टाकीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “हे काय?”

“रिसिव्हर. द्रवरूप अमोनिया यात साठतो.”

“हां. म्हणजे पिंप.”

निवृत्त होईपर्यंत त्या टाकीला त्या पिंपच म्हणाल्या. कॉम्प्रेसरला घुरघुऱ्या. मी दाब, तापमान, गळतीचे प्रकार समजावून सांगायला लागलो. त्यांनी थोडं ऐकलं आणि हात वर केला. “ते तुझ्याकडं राहू दे. हे फुटलं तर मला फाटकावरनं काय दिसंल? काय ऐकू येईल? वास आधी कुठं येईल? तेवढं सांग.”

मी सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, फाटकावरून काय दिसतं ते मी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. मी कायम आत. मग आम्ही दोघं फाटकावर जाऊन उभे राहिलो. त्या नुसत्या बघत होत्या. छपरावरची वारा दाखवणारी पिशवी, रस्ता, मागची भिंत, ट्रक उभे राहतात ती जागा. मला वाटलं, या बाईला वेळ घालवायला बरं जमतं.

टीम निवडायची वेळ आली. मी माझ्या मनातली नावं सांगितली. पहिलं नाव जगतापचं. व्यायामशाळेत जाणारा, छातीचा कोट असलेला तरुण गडी.

“जगताप नको. ओरडतो,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, गडबडीत ओरडावंच लागतं.”

“ओरडणारी मी एक हाय की. मला ऐकणारा पाहिजे.”

त्यांनी घेतला इरफान. फोर्कलिफ्ट चालवणारा, किडकिडीत, दिवसभर चार शब्द बोलणारा. मी कारण विचारलं. म्हणाल्या, “गाडी मागं घेताना मागं उभा असलेला माणूस ‘थांब’ म्हणाला की हा थांबतो. ‘अरे अजून जागा हाय’ म्हणत नाही. आधी थांबतो, मग बघतो. असा माणूस मी या कंपनीत दुसरा पाहिला नाय.” मीही रोज इरफानला बघत होतो. मला त्याच्यात फोर्कलिफ्टच दिसायची.

टीमच्या प्रशिक्षणाला मी मेहनत घेऊन स्लाइड बनवल्या होत्या. वायूचे गुणधर्म, मास्कचे प्रकार, सगळं. तिसऱ्या स्लाइडला माना डुलायला लागल्या. कुंदाताई मागून उठून पुढं आल्या, मला म्हणाल्या, “जरा थांब रे,” आणि टीमकडे वळल्या. “मी आता इथं चक्कर येऊन पडले. काय कराल?”

स्टोअरचा मोरे म्हणाला, “कोणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन करायचा.”

“कोन?”

“कोणीतरी, ताई.”

“हा कोणीतरी कुठल्या सेक्शनला हाय?” ताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “एवढी वर्षं मी इथं हाय, या नावाचा माणूस मला काय भेटला नाय. त्याचं कार्ड पंच होतं का? तो कॅन्टीनला जेवतो का?”

हशा पिकला. मग त्यांनी प्रत्येकाला उभं केलं. मोरे, फोन तुझा. इरफान, तू घोरपडेबरोबर. सांगितलेलं काम झालं की मला येऊन सांगायचं. नाही झालं तर आधी येऊन सांगायचं. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या लाइनवर बायका एकमेकींना विचारत होत्या, “बाय, ती टेप कोनी आणायची? कोणीतरीनी?” आठवडाभर हा विनोद कंपनीभर फिरला. माझी एकही स्लाइड कोणाला आठवत नव्हती.

मग त्यांची पहिली ड्रिल. आधीच्या ड्रिल मी घ्यायचो. सायरन, माणसं रमतगमत बाहेर, दोन सेल्फी, चहा. ताईंच्या ड्रिललाही सुरुवातीला तसंच झालं. फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत सगळे जमले. प्रत्येक सेक्शनच्या माणसानं येऊन सांगितलं: पॅकिंग पूर्ण. स्टोअर पूर्ण. ऑफिस पूर्ण. ताईंनी विचारलं, “नक्की?” सगळे म्हणाले, “नक्की.”

“मग मेनन साहेब कुठं हायत?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ऑफिसचा माणूस घामाघूम. त्यानं साहेबांना मोजणीत धरलंच नव्हतं. साहेब कुठंतरी असतीलच, असं त्याचं गणित. ताईंनी इरफानला आत पाठवलं. थोड्या वेळानं कोल्ड रूमच्या बाहेरच्या खोलीतून जाड जॅकेट घातलेले मेनन साहेब आले. मिशा हिमानं पांढऱ्या झालेल्या, हात चोळत. ताईंनीच त्यांना आधीपासून तिथं बसवून ठेवलं होतं.

“साहेब,” ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तुम्ही मेलात. ऑफिसवाल्यांनी पूर्ण म्हणून सांगितलंय.”

कंपनीच्या प्लांट हेडला सगळ्यांसमोर ‘तुम्ही मेलात’ म्हणायचं आणि त्यानं त्यावर हसायचं! मी असं काही बोललो असतो तर माझी बदली झाली असती. त्या दिवसानंतर एकाही सेक्शननं माणसं अंदाजानं मोजली नाहीत, हेही खरं.

ड्रिल झाली की त्या टीमला घेऊन बसायच्या आणि सुरुवात एकाच वाक्यानं करायच्या: “आधी माझं काय चुकलं ते सांगा.” पहिल्यांदा कोणी तोंड उघडेना. मी उघडलं. सायरननंतर तुम्ही उशिरा पोचलात. वॉकीटॉकीवर एका दमात तीन तीन सूचना देता. वारा कुठून आहे ते विचारलं नाहीत. मोरेला दोनदा वेगवेगळं सांगितलंत. मी बराच वेळ बोलत होतो, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, “बरोबर. अजून?”

पुढच्या ड्रिलला त्या वेळेवर होत्या. वॉकीटॉकीवर एका वेळी एकच सूचना. आणि उभ्या राहिल्या राहिल्या पहिला प्रश्न, “घोरपडे, वारा कुठनं?” मी काढलेली एकही चूक पुन्हा सापडली नाही. मला वाटलं होतं त्या चिडतील, माझ्याशी अबोला धरतील. तेवढं जरी झालं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

आणि मग तो दिवस आला. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. कोल्ड रूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये पाइपांवर नवं आवरण चढवायला कंत्राटदाराची माणसं आली होती. त्याच पॅसेजमध्ये अमोनियाच्या पाइपाचा एक जोड सुटला. मी प्लांटच्या दारातच होतो. आधी शिट्टीसारखा आवाज, मग पॅसेजमधून पांढरं धुकं जमिनीलगत सरकत आलेलं दिसलं, आणि मग वास. मी सायरनचं बटन दाबलं आणि बाहेर पळालो.

ताई आपल्या जागी येऊन उभ्या होत्या. “घोरपडे, वारा कुठनं?”

मी वर पाहिलं. पिशवी फाटकाच्या दिशेनं फुगलेली. म्हणजे वायू इकडेच येणार होता, जिथं आम्ही नेहमी जमायचो तिथंच. माणसं सवयीनं इकडेच यायला लागली होती.

“मागच्या भिंतीकडं,” ताई म्हणाल्या. “मोरे, मागचं गेट उघड आणि मला सांग. पॅकिंगच्या बायका पहिल्या. शेडच्या डाव्या अंगानं. पळू नका गो, हात धरा.” आणि त्यांच्याबरोबर चालत मागच्या गेटापाशी गेल्या आणि तिथं पुन्हा रोवल्यासारख्या उभ्या राहिल्या. नवी जागा सगळ्यांना कळली ती त्यांच्याकडे बघून.

सेक्शन येत गेले. पॅकिंग पूर्ण. स्टोअर पूर्ण. कॅन्टीन पूर्ण. कंत्राटदाराच्या दोघांपैकी एकच समोर होता, आणि तो नुसता रडत होता.

“कोन राहिला?” ताई त्याच्याकडे वळल्या. त्यांनी त्या माणसाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “माझ्याकडं बघ. इधर देख. तेरा जोडीदार किधर था?”

“रामजतन… सीढ़ी पे था. दो नंबर के बाहर.”

दोन नंबरची कोल्ड रूम. गळतीपासून थोडी पुढं. मी तोवर हवेचं सिलिंडर पाठीवर चढवलं होतं, मास्क बसवला होता. इरफान अजून पट्टे आवळत होता. मी निघालो तर मागून पट्टा ओढला गेला. ताईंनी तो मुठीत धरला होता.

“मॅडम, सोडा. माणूस मरतोय आत.”

“इरफानचा मास्क बसू दे.”

“तोवर—”

“तोवर तू इथंच.” आणि पट्टा सोडला नाही. त्यांच्या मनगटाला हिसका देऊन जाणं मला अवघड नव्हतं. मी उभा राहिलो. इरफाननं अंगठा दाखवला तेव्हाच पट्टा सैल झाला. “दोघं एकत्र जायचं, दोघं एकत्र यायचं. आधी माणूस. बाकीचं अग्निशमनवाले बघतील, ते निघालेत.”

आत मास्कच्या काचेपुढं सगळं पांढरं. इरफानचा हात माझ्या खांद्यावर. शिडी आडवी पडलेली सापडली, माणूस नाही. मला वाटलं संपलं. इरफान दोन नंबरच्या बाहेरच्या खोलीचं दार ठोकत होता. आतून कोणीतरी ठोकून उत्तर दिलं. रामजतन दार लावून कोपऱ्यात बसला होता, तोंडावर ओला शर्ट दाबून. डोळे उघडता येत नव्हते, पाय धरत नव्हते. आम्ही त्याच्या चेहऱ्यावर फडकं घट्ट बांधलं, दोन्ही काखांत हात घातले आणि निघालो.

परतीच्या वाटेवर उजव्या हाताला माझ्या प्लांटचं दार. आत रिसिव्हर आणि त्याचा मुख्य व्हॉल्व्ह. तो फिरवला की गळतीला मिळणारा अमोनिया बंद. मी कितीदा फिरवला होता तो, डोळे मिटूनही सापडला असता. मी इरफानला खूण केली, तू हो पुढं, आणि आत शिरलो. चाकावर हात ठेवला. चाक फिरलं.

वॉकीटॉकी खरखरली. “घोरपडे, कुठं हायस?”

“व्हॉल्व्हवर.” मास्कमधून बोलणं म्हणजे हंड्यात तोंड घालून बोलणं.

“माणूस?”

“इरफानकडं. निघालाय.”

“बाहेर ये.”

“ताई, फिरतोय, बंद होतोय, थोडंच—”

“बाहेर.”

मी दातओठ खाऊन हात काढला. आयुष्यात कुठल्याही गोष्टीवरून हात काढताना मला एवढं जड गेलं नव्हतं. दाराबाहेर आलो तर इरफान तिथंच. रामजतनला खांद्यावर टाकून, पाय फाकवून, ओझ्यानं वाकलेला, जागचा हललेला नव्हता.

“गया क्यों नहीं?” मी ओरडलो.

“दोनों साथ बोला था ना ताई ने,” इरफान म्हणाला.

बाहेर ताईंनी पाण्याचा पाइप आधीच सोडवून ठेवला होता. रामजतनला खाली ठेवलं मात्र, दोन बायकांनी त्याचे डोळे धुवायला सुरुवात केली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत धुतच राहिल्या. अग्निशमन दलाची माणसं आली, आत गेली आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. सहज बंद झाला, असं त्यांचा प्रमुख मला म्हणाला. सहज. तो शब्द कित्येक दिवस माझ्या कानात होता.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना कॅन्टीनमध्ये गाठलं. त्या सुकटीची चटणी आणि भाकरी खात होत्या.

“मॅडम, व्हॉल्व्ह फिरत होता. माझ्या हातात होता.”

“हो.”

“मी बंद केला असता.”

“केला असतास.”

“मग मला बाहेर का बोलावलंत?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “इरफान उभा होता ना. तुझ्याशिवाय तो येनार नव्हता, हे मला माहीत होतं. आणि त्याच्या खांद्यावर तो.” चटणीचा डबा माझ्यापुढं सरकवला. “खा. कालपासनं काय खाल्लं नसशील तू.”

खरंच काही खाल्लं नव्हतं. हेही त्यांना माहीत.

रामजतनचे डोळे वाचले. महिन्याभरानं तो कंपनीत आला, गॉगल लावून, गावाकडची मिठाई घेऊन. फाटकावर ताई आणि मी दोघंही होतो. त्यानं वाकून ताईंचे पाय धरले आणि मग माझा हात हातात घेऊन हलवला. धुक्यातून मी आणला त्याला, मी आणि इरफाननं. ताई लगेच म्हणाल्या, “अरे, साहब के पाँव पड. साहब अंदर गया था.” मग तो माझ्याही पाया पडला. सांगितल्यावर पडलेलं ते पाया पडणं मला कुठं ठेवावं कळेना.

कंपनीनं सत्कार ठेवला. ताईंनी मोरपंखी पैठणी नेसली होती, दुहेरी गजरा. ढाल घेताना छायाचित्रकाराला दोनदा थांबवून पदर सारखा केला. मग बोलायला उभ्या राहिल्या आणि थांबेनात. मोरेनं गेट कसं उघडलं, ते येऊन कसं सांगितलं. डोळे धुणाऱ्या दोघींची नावं. कॅन्टीनच्या मावशींनी गॅस बंद करून मगच पाय बाहेर ठेवला तो. एकेकाचं नाव, एकेकाचं काम. मी वाट बघत होतो. माझ्याविषयी काय सांगणार? आत गेला, माणूस आणला, एवढंच ना.

“आणि घोरपडे,” त्या म्हणाल्या. “आत जाणं सोपं नाय. पण त्यानं त्याहून कठीण काम केलं. व्हॉल्व्ह त्याच्या हातात होता, फिरत होता, आणि मी सांगितल्यावर त्यानं हात काढला. मला जमलं असतं का? मला नाय वाटत.”

सभागृहात टाळ्या वाजल्या. वैशाली माझ्या शेजारी बसली होती. तिचे डोळे भरले होते. “किती छान बोलल्या रे ताई तुझ्याबद्दल,” ती म्हणाली. मी मान हलवली. माझ्या हातून झालेल्या सगळ्यांत मोठ्या कामाला मी स्वतः हरणं समजत होतो. ते काम आहे, हे मला कळलं ते त्यांच्या तोंडून, तीनशे माणसांबरोबर. याचाही हेवा वाटायचा राहिला होता. तोही वाटला.

काही वर्षांनी ताई निवृत्त झाल्या आणि टीम माझ्याकडे आली. हवी होती ती जागा मिळाली. मी बरा लीडर आहे, असं लोक म्हणतात. नवी मुलं शिकतात, ऐकतात. तरी ड्रिल झाली की जुनं कोणीतरी हळूच म्हणतंच, “ताई असत्या तर…” आणि मला बघून गप्प होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात, नेरूळला, पॅकिंगमधल्या एका मुलीच्या लग्नात. हॉल दुसऱ्या मजल्यावर. ताई नातीला घेऊन आल्या होत्या. नात आइसक्रीमचा कप धरून खुर्च्यांमधून फिरत होती, या तिच्यामागं. केस बरेच पांढरे झाले होते. आम्ही लांबून हात केले. जेवणं अर्ध्यावर आली असतील, तेवढ्यात हॉलमधली आगीची घंटा वाजायला लागली आणि स्वयंपाकघराच्या बाजूनं धुराचा वास आला. क्षणभर सगळं थांबलं. मग बायकांनी मुलांना हाका मारायला सुरुवात केली.

मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेलो. मोरे दिसला, त्याला म्हटलं, मागचा जिना उघड आणि मला सांग. वाजंत्रीवाल्यांना थांबवलं. माणसं पुढं सरकायला लागली, गर्दी दाटली. आमच्याच कंपनीतली दोन-तीन माणसं ताईंभोवती गोळा झालेली मला दिसली. त्यातली एक म्हणत होती, “ताई, तुम्ही सांगा ना, काय करायचं?”

“मी कशाला?” ताई म्हणाल्या. “घोरपडे उभा हाय ना तिथं. तो सांगतो तसं करा.”

आणि त्या रांगेत लागल्या. बाकीच्या पाहुण्यांसारख्या, नातीचा हात धरून. पुढचा सरकला की सरकत होत्या. मी ओरडत होतो, “उजव्या बाजूनं उतरा, डावी मोकळी ठेवा.” माझ्या पुढ्यातून जाताना त्यांच्या नातीनं डावीकडचा कठडा धरलेला होता. ताईंनी तिला अलगद उजवीकडे घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही, हसल्या नाहीत, शाबासकी दिली नाही. मी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी केलं. मला त्यांचा हुकूम पाळताना दात खावे लागले होते. माझा पाळताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

खाली आल्यावर कळलं, तेलाची कढई करपली होती, तेवढंच. लोक हसायला लागले, काही पुन्हा जेवायला वर गेले. मी गर्दीत ताईंना शोधलं. विचारणार होतो, माझं काय चुकलं ते सांगा.

त्या रस्त्याच्या पलीकडे रिक्षात बसत होत्या. नातीनं काहीतरी सांगितलं आणि त्या मान मागं टाकून हसल्या, त्यांचं ते मोठं हसणं, मला रस्त्याच्या अलीकडे ऐकू आलं. मी हात वर केला. रिक्षा करावेच्या दिशेनं वळली. आत त्या नातीच्या तोंडाला लागलेलं आइसक्रीम पदरानं पुसत होत्या.